पुडीतला दिवा

"अप्पा दिवे चालू ठेवूनच झोपतात," संगीता म्हणाली. "महिन्यात तीनदा बॅटरी उतरली. दुसरं काय असणार?"

तुळजाराम मेकॅनिकचं डोकं जीपच्या बॉनेटखाली होतं. तिथूनच तो म्हणाला, "बघूं, अक्का. गाडीलाही विचारूं."

तिचे अप्पा, कल्याणराम मास्तर, बाजूला उभे राहून ऐकत होते. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसानं सांगायचं तरी किती वेळा, की दिवे मी बंद केले होते? पहिल्या वेळी त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, दुसऱ्या वेळी जरा हळू. तिसऱ्यांदा जीप तिरुवैयारुच्या पुढे कालव्याच्या बांधावर अडली आणि शेतात लावणी करणाऱ्या बायकांनी ती ढकलली. त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. लेक दोन दिवसांसाठी चेन्नईहून आली होती आणि चपला काढायच्या आत तिनं फैसला ऐकवला होता. दोष गाडीचा निघाला तर प्रश्नच नाही. अप्पांचा निघाला तर किल्ली तिच्याबरोबर चेन्नईला. आणि किल्ली गेली म्हणजे बांधापलीकडची नारळाची बागही गेली, तिथवर दुसरं वाहन जातच नाही. मग राहिलं काय, तर घरात पडून पंख्याचे फेरे मोजणं.

तुळजारामनं सैल झालेला पट्टा आवळला, इंजिन सुरू केलं आणि बॅटरीला मीटर लावला.

"हा काटा बघा. इंजिन चालू झालं की वर चढायला हवा, तर हा हलतसुद्धा नाही. अल्टरनेटर वीज करतच नाही. बॅटरी बिचारी पदरचं किती दिवस घालणार? दिव्यांचा संबंध नाही, अक्का. मास्तर दिवे रोज बंद करीत असणार."

कल्याणरामांना इतका आनंद झाला की हसू लपवायला त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"मग अल्टरनेटर गेला?" संगीतानं विचारलं.

"तोही ठणठणीत आहे. तेच कळत नाही."

इंजिन बंद करून तुळजारामनं किल्ली पुन्हा अर्धवट फिरवली आणि डॅशबोर्डाकडे बघत राहिला. तेलाचा दिवा लागला. त्याच्या शेजारी अंधार. त्यानं डॅशबोर्डाच्या मागे हात घालून दिव्याची खोबण बाहेर ओढली. खोबण रिकामी होती.

"हा चार्जिंगचा लाल दिवा. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन चालू झालं की विझतो, पट्टा सैल असला तर मात्र मिणमिणत राहतो. लोकांना वाटतं, नुसता इशारा द्यायला आहे. पण ह्याच्यातून चिमूटभर वीज जाते ना, तिनंच अल्टरनेटर जागा होतो. दिवा नाही, तर तो आपला झोपलेलाच."

"मग दिवा गेला कुठं?"

"जळला असता तर इथंच..." तुळजाराम बोलता बोलता थांबला. "जादा बल्ब आहे का बघतो."

त्यानं समोरचा खण उघडला. गाडीचे कागद, फडकं, देवळातल्या विभूतीच्या पुड्या, आणि त्यांत एक जरा जाड पुडी, दोऱ्यानं नीट बांधलेली. ती सोडली तर आत इवलासा बल्ब. कागदावर ठसठशीत देवनागरीत लिहिलेलं.

कल्याणरामांना उभ्या जागेवरून ते दिसलं. अक्षर त्यांचंच होतं. 'लाल दिवा. उगाच डोळ्यांत खुपतो. काढून ठेवला.' खाली मागच्या महिन्यातली तारीख आणि सही. त्यांनी आठवून बघितलं, पुन्हा बघितलं. तारीख होती, सही होती, आठवण नव्हती.

"काय लिहिलंय?" संगीतानं विचारलं.

पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या घराची मराठी ती जन्मभर बोलत आली होती, पण वाचायची ते तमिळ आणि इंग्रजी. अप्पा रविवारी राजवाड्यामागच्या घराच्या ओट्यावर गल्लीतल्या मुलांना अक्षरं शिकवायचे तेव्हा तिचा नाचाचा क्लास असे. मुलंही बहुतेक सुंडलाच्या, म्हणजे खोबरं घातलेल्या उसळीच्या, आशेनं येत आणि सुंडल संपलं की पसार होत. शेवटपर्यंत टिकला तो एकटा तुळजाराम.

त्यानं कागद उजेडात धरला. एरवी त्याला वाचायला वेळ लागत नसे, आज लागला. शिकवलं होतं तसं अक्षरांखाली बोट ठेवून, अडखळत त्यानं वाचलं, "'जादा बल्ब. जपून... ठेवावा.'"

मग कोणाकडेही न बघता त्यानं बल्ब खोबणीत बसवला. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला, आणि मीटरचा काटा सावकाश वर चढला.

"झालं. पहिला बल्ब बांधावरच्या धक्क्यांनी कुठं तरी पडला असेल, अक्का. जुनी गाडी, व्हायचंच. मास्तर, महिन्यातून एकदा जीप इकडे आणीत जा. तिलाही बघीन, तुम्हांसही."

"चुकलं माझं, अप्पा." संगीतानं किल्ली वडिलांच्या हातात ठेवली. "उगाच तुम्हांला बोल लावला."

कल्याणरामांनी ती मुठीत धरली.

चुकीचं वाचणाऱ्याला त्यांनी तीस वर्षांत कधी सोडलं नव्हतं. एक काना सुटला तर तो शब्द दहा वेळा लिहावा लागे, आणि सगळ्यांत जास्त वेळा लिहावा लागला होता तुळजारामलाच. ते त्याच्याजवळ गेले. ग्रीसनं माखलेला त्याचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.

"बरोबर वाचलंस," ते म्हणाले.