पाडव्याचा मुहूर्त

“साहेब, ॲपची चाचणी तुम्ही उडवलीत!” शर्वरी दार ढकलून आत शिरली.

रुग्णवाहिका बोलावण्याचं ॲप तिनेच बनवलं होतं. आराखडा झाला, कोडिंग झालं. रेंज नसलेल्या पाड्यांवर वापरून बघायचं तेवढं राहिलं होतं. पण साहेबांनी पाडव्याच्या मुहूर्ताचा हेका धरला. मोबाइलला हार घातला, नारळ फोडला, ॲप सुरू!

काल एका पाड्यावर पोरीला कळा सुरू झाल्या. रेंजअभावी मागणी पोचलीच नाही, तरी ॲप ‘गाडी निघाली’ असंच दाखवत राहिलं. घरचे वाट बघत बसले. बाळ गेलं.

“उद्घाटनाचे पेढे तूही खाल्लेस ना? पुढच्या अपडेटमध्ये करू दुरुस्त,” साहेब म्हणाले.

तिने चालू फोन त्यांच्यापुढे सरकवला. “बाळाचा बाप दवाखान्यातून लाइनवर आहे. त्यालाच सांगा, पुढचं अपडेट कधी?”