वाचनाची सवय

"दाब अंगठा," शेजारची उम्म तानूस म्हणाली. "बुडाशी. मनात पोरीला धर."

हियामनं पोरीला मनात धरलं आणि कपातल्या कॉफीच्या गाळात अंगठा रुतवला. शेजारणीनं गाळातलं भविष्य वाचायला कप खिडकीकडे करून आत डोकावलं. जीभ चुकचुकवली.

"काय दिसतं?"

"पोर पाठमोरी आहे. समोर क्रूस, पण हिचं तोंड भलतीकडे."

"अगं बाई! आणि पुढे?"

"पुढे गाळ घट्ट आहे. कॉफी जरा पातळ करत जा."

पुढचं ऐकायची गरजच नव्हती. मारिता चौदा वर्षांची. शाळेतून आली की खोलीचं दार बंद, हातात फोन. जेवायला बसताना क्रुसाची खूण करायची ती माशी हाकलल्यासारखी. नवरा आफ्रिकेत आबिजानला कामाला, धाक काय तो एकट्या आईचा. हियामनं कप तसाच टाकला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि तडक चर्च गाठलं.

गावचे पाद्री अबूना नेमतल्ला वेदीवरच्या मेणबत्त्या सरळ करत होते.

"अबूना, पोर हातची चालली. ना वाचन, ना प्रार्थना."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? आईचं मन सांगतं हो!"

मन कुठे असतं ते दाखवायला तिनं हात छातीवर ठेवला होता. अबूनांनी त्या हाताकडे, काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ एकच मेणबत्ती सरळ केली.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "घरातली वाचनाची सवय बिघडली आहे. प्रार्थनेचीही. उपवासकाळ लागतोच आहे. मारिताला पाठव माझ्याकडे."

"उपवासकाळाच्या शेवटी, झावळ्यांच्या रविवारी तिला वाचायला उभी करा, अबूना. अख्ख्या गावासमोर. तेवढं बघितलं की मी निर्धास्त."

"सवय सुधारली तर करू."

मारिता चर्चमधून परतली ती हुकूम घेऊनच.

"रोज चार वाजता मी शुभवर्तमान मोठ्यानं वाचणार. तू समोर बसायचं. मी चुकले की पकडायचं. मग दोघींनी जपमाळ."

"चारला? चारला उम्म तानूस येतात कॉफीला."

"बत्रूनच्या शाळेतून बस मला साडेतीनला सोडते आणि सहाला जनरेटर बंद, की अंधार. मधे एकीकडे तुझी कॉफी, एकीकडे माझा आत्मा. ठरव काय ते."

हियामला आत्माच निवडावा लागला.

पहिल्याच दिवशी वाचताना मारितानं जक्कयाला ऑलिव्हच्या झाडावर चढवलं.

"उंबराच्या!" हियाम ओरडली.

"कशावरून?"

"अगं, लिहिलंय ना तिथे."

"कुठे? दाखव."

हियाम पानं उलटत बसली. उंबर सापडेपर्यंत कॉफी गार झाली होती.

मग ती सकाळीच पुढचा भाग वाचून ठेवू लागली. डाळ शिजायला टाकायची आणि पुस्तक उघडायची. दुपारी बाराला उपास सुटायचा तरी हिला भान नसायचं. पोरीची चूक सुटता कामा नये! आणि पोर तर रोज नवीन चुका करत होती. मार्थाचं काम मरियेच्या गळ्यात घातलं. भाकरींपेक्षा मासे जास्त करून टाकले.

"आणि मग पेत्र तीनदा आरवला," मारितानं एकदा ठसक्यात वाचलं.

"कोंबडा, कार्टे! कोंबडा आरवला!"

"मग येशूला नाकारलं कुणी? कोंबड्यानं?"

हियामला हसावं की रडावं कळेना. असं वाचलं तर रविवारी गावात काय शोभा होईल!

वाचन झालं की मारिता जपमाळ आणायची. आधी आईचा हात उलटून बघायची, मग त्यावर मणी ठेवायची.

"हे काय गं रोजचं?"

"जपाला हात स्वच्छ हवेत. अबूनांनी सांगितलंय."

"माझे? मी काय गुरं राखून आलेय?"

उम्म तानूस यायची, दारात ताटकळायची.

"हियाम, अगं कॉफी!"

"बसा हो, दहाच मणी राहिलेत."

"मघाशीही दहाच म्हणालीस. तुझी माळ वाढतेय की काय?"

ती आपली कॉफी पिऊन कप बशीत पालथा घालायची आणि वाट बघायची. हियामचा कप भरलेलाच. त्यावर साय धरल्यासारखा तवंग.

"गार झाली, ओतूनच टाकते," हियाम म्हणायची.

"ओत बाई. या घरात आता माझं काही काम नाही," म्हणत उम्म तानूस एक दिवस गेली, ती पुढे चारच्या आधी येऊन कॉफी न घेताच पळू लागली. जपाला बसवतील या भीतीनं.

झावळ्यांचा रविवार दोन दिवसांवर आला. हियामला राहवेना. पोर चुकते, पण कष्ट घेते, एवढं तरी अबूनांच्या कानावर घालावं म्हणून ती चर्चमध्ये गेली.

वेदीमागच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत कुणीतरी मुलगी पौलाचं पत्र वाचत होती. स्वच्छ, ठाम, एकही अडखळ नाही. अबूनांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी पोरीला निवडलं होतं!

तिनं फटीतून पाहिलं. मारिता होती. आणि हातातलं पुस्तक मिटलेलं होतं.

"पुरे," अबूना म्हणाले. "तुझं वाचन मला ठाऊक आहे. आईचं बोल."

"सकाळी डाळीपाशी वाचते. जपाला आता मी हाक मारायच्या आधीच बसलेली असते. मला रोज नवीन चूक शोधावी लागते, अबूना, जीव जातो माझा."

"आणि ते दुसरं, कपातलं वाचन?"

"रोज हात उलटून बघते. अंगठा स्वच्छ."