मुरमाडावरचं बी

किशनरावाने बैल धुऱ्यावर उभे केले आणि नांगर खाली टाकला.

"वैनी, दसरा झाला. भरलं का बी?"

सरजाबाई अंजन गवतात कमरेइतकी बुडाली होती. तिने मान वर केली नाही. "बगायलेय की."

मुरमाडाचा हा तुकडा दोघा भावांत वाटलेला. मधल्या धुऱ्याच्या अलीकडे किशनरावाचं गवत, पलीकडे सरजाबाईच्या नवऱ्याचं, दत्तरावाचं. बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशीची. फरक एवढाच, की ज्वारीसाठी सेलूहून आणलेला युरिया सरजाबाईने आपल्या गवताला घातला होता. त्यावरून घरात भांडण पेटलं, आणि दत्तरावाने सांगून टाकलं होतं: दसऱ्यापर्यंत बी भरलं तर गवत राहील, नाहीतर मुरमाड नांगरायचा.

"चारा झाला, ते मान्य," किशनराव म्हणाला. "पोळ्याच्या आदी कापलंत, तरी पुन्हा कमरेला आलं. पर वैनी, खत खाऊन नुसतं माजलंय ते. माजलेल्याला बी धरत न्हाई."

दत्तराव धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. "ज्वारी उपाशी ठिवली अन् गवताला जेवू घातलं हिनं."

"दुस्काळात ज्वारीच कुटं होती?" सरजाबाई म्हणाली. "गवताच्या काडीसाठी रानोमाळ फिरलाव ना आपण. घरचं बी आसतं, आदीच पेरून ठिवलं आसतं, तर फिरावं लागलं आसतं का?"

दत्तरावाने तंबाखूला चुना लावला.

"भावजी, आदी तुमच्याकडचं मूठभर आणा."

किशनरावाने आपल्या बाजूच्या लोंब्या ओरबाडल्या, तळव्यावर चोळल्या आणि फुंकर मारली. केसाळ भुसा उडून गेला. तळहाताच्या रेषेत दोन-चार दाणे अडकून राहिले, तेही चिपटे.

सरजाबाईने लुगड्याच्या ओट्यातली मूठभर लोंबी चोळायला घेतली, तसा त्याने हात पुढे केला.

"तुमी नका फुंकू. हळूच फुंकताल."

"तुमीच फुंका. छातीत हाय तेवढा दम लावा."

तिने चोळलेली लोंबी त्याच्या तळव्यावर ओतली. त्याने गाल फुगवून फुंकर मारली. भुसा उडाला आणि दत्तरावाच्या मिशांत जाऊन बसला. किशनरावाने तळवा डोळ्यांजवळ नेला. तपकिरी, टपोरे दाणे तळव्यावर दाटीने पडले होते. त्याने पुन्हा फुंकलं. दाणे जरासे हलले, एकमेकांना टेकले आणि तिथेच राहिले.

दत्तरावाने तंबाखू तशीच टाकली. एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्कन आवाज झाला.

"भरलंय," तो म्हणाला. "लय भरलंय."

सरजाबाई हसली नाही. तिने ओटा नीट खोचला आणि पुढच्या लोंबीला हात घातला.

तेवढ्यात डाव्या बैलाने धुऱ्यावरून मान लांबवली आणि तिच्या बाजूचा एक भरघोस घास ओढला. किशनराव धावला. बैलाच्या तोंडातून त्याने लोंब्या सोडवून घेतल्या, सरजाबाईच्या ओट्यात टाकल्या. मग जुवाला लटकवलेली दोरीची मुसकी काढली. कपाशीत कोळपं चालताना पिकाला तोंड लागू नये म्हणून बैलांना घालायची ती मुसकी. त्याने एकेका बैलाच्या तोंडावर ती चढवली, गाठी ओढून पाहिल्या, आणि ते भरल्या गवतापुढे तोंड बांधून उभे राहिले.