हात मागे पडतोय

गेल्या वर्षी लंडनजवळच्या स्लाऊच्या हॉलमध्ये दिवाळी पहाट चालू असताना कमलाकर काकांनी गाणं मध्येच थांबवलं आणि माइकवरूनच मला म्हणाले, "पूर्वी, हात मागे पडतोय तुझा. बायकांना तबला झेपत नाही." सगळा हॉल हसला. माझा नवराही.

कार्यक्रमात लावलेला मंडळाचा नवा ब्लूटूथ स्पीकर नंतर आमच्याच गराजमध्ये ठेवायला आला. घरी रियाजाला लावून बघितला, तर मी थाप मारली की त्यातून आवाज जरा उशिराच यायचा. वायर जोडली की बरोबर यायचा. मी कोणाला काही बोलले नाही.

यंदा काकांनी साथीला थेट पुण्याहून अप्पांना बोलावलं. काकांच्या गुरूंना आयुष्यभर साथ केलेला माणूस. स्पीकर मीच नेऊन लावला. दुसऱ्याच गाण्यात काका अडखळले, थांबले आणि सवयीने माइकवरच बोलून गेले, "अप्पा, हात मागे पडतोय तुमचा."

अप्पांनी तबल्याची हातोडी पिशवीत टाकली आणि ते उठून गेले. या वेळी कोणी हसलं नाही.

मी पहिल्याच रांगेत होते. मांडीवर पर्स, पर्समध्ये वायर.