मौनाचा सोमवार

"रंगाची घाई करू नका, भाऊ. आधी मुळापर्यंत खरवडा. गंज कुठून येतो ते शोधा, मग डबा उघडा."

शहाद्याच्या मिस्तरीचं हे बोलणं वत्सलाबाईंनी ओट्यावरून ऐकलं होतं. आज त्यांचे यजमान, रतिलालभाऊ पाटील, घरापुढच्या खळ्यात मोटारगाडीशी झोंबत होते. तारेचा ब्रश पत्र्यावर करकरत होता, आणि तेच शब्द वत्सलाबाईंच्या कानात घुमत होते.

कळसाडी गावातली एकुलती एक मोटार. दाराखालच्या पट्टीवर पुन्हा फोड आले होते. बोट दाबलं की रंगाचा पापुद्रा निघून हाती यायचा. रतिलालभाऊ घासलेटात भिजवलेला काचकागद घासत होते, आणि प्रत्येक हातासरशी बाज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

"पानीन्या बादल्यांवर बादल्या वती! पुसाले काय हात मोडनात त्याना?"

वत्सलाबाई ओट्यावर भगर निवडत होत्या. श्रावणी सोमवार. दिवस मावळेपर्यंत त्यांचं मौन. एरवीही त्यांचा आवाज अंगणापलीकडे जात नसे, पण आज गप्प बसणं जड चाललं होतं.

बाज्या त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. गेल्या आठवड्यात रतिलालभाऊंनी त्याला साऱ्या गल्लीदेखत काढून टाकलं. साल अखाजीला, अक्षय्य तृतीयेला ठरतं. भर श्रावणात काढलेल्या सालदाराला कोण दारात उभं करणार? त्यातून पाटलाची मोटार सडवली हा बट्टा. तो घेऊन पुढच्या अखाजीलाही त्याला कोणी ठेवलं नसतं.

"भाऊ, मी गाडी रोज कोरडी पुसस," बाज्या तेव्हा म्हणाला होता. "तुमना गळानी आन."

"खोटा! मन्ही चूक निंघनी ना, ते तुन्हा घर ई सन तुन्हा पाय धरसू!" रतिलालभाऊ गरजले होते. ओट्याओट्यांवरचे लोक हसले होते. पाटलाने सालदाराचे पाय धरायचे!

वत्सलाबाई हसल्या नव्हत्या. बाज्या डोक्याचं फडकं सोडून गाडी पुसायचा, हे त्यांनी पाहिलं होतं. मालकांना त्यांनी ते हळूच सांगितलंही.

"तू तुन्हा देव सांभाळ," एवढंच उत्तर मिळालं.

आता रतिलालभाऊंनी पाना घेतला. सीटचे नट ढिले केले आणि सीट उपटून खळ्यात भिरकावली. खालच्या पत्र्याची चाळण झाली होती. कोपऱ्यात एक ओली पुरचुंडी होती. त्यांनी ती सोडली. चिमूटभर जिभेला लावली.

"मीठ!" ते थुंकले. "मीठनी पत्रा खाई टाका!"

वत्सलाबाईंच्या हातातलं सूप ओट्यावर टेकलं. हिरव्या लुगड्याचा तो तुकडा त्यांचाच होता. सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात हात धरून सांगितलं होतं, "वहू, गाडीले नजर लागस. सीटखाल मीठ ठेवत जाय." वत्सलाबाईंनी शब्द दिला होता. दर अवसेला त्या जुनं मीठ काढायच्या, नवं ठेवायच्या. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे चुलीपाशी त्यांना रोज दिसत होतं. मोटारीत मात्र ते कधी सुचलं नाही.

रतिलालभाऊंनी तुकडा ओळखला. तरातरा येऊन त्यांनी पुरचुंडी बायकोच्या पायाशी आपटली. मीठ ओटाभर उडालं.

"भलती देवभोळी! लाखनी गाडी खाई टाकी तू!"

मग त्यांनी गल्लीत डोकावून पाहिलं. कोणी नव्हतं. आवाज खाली आला.

"बरं शे, आज तुन्हं मौन शे. उद्या बी तोंड उघडू नको. बाज्या गया ते गया. रागमा मानूस काय बी बोलस."

असं म्हणून त्यांनी रंगाचा डबा उघडला. ब्रश बुडवला आणि उरल्यासुरल्या गंजावरच फासायला लागले.

वत्सलाबाईंची कानशिलं तापली. इतकी वर्षं त्यांनी सासूला दिलेला शब्द पाळला, आणि तो पाळता पाळता पत्रा गेला. चूक त्यांचीच होती. पण साऱ्या गल्लीदेखत दिलेला शब्द हा माणूस गिळून बसला होता, आणि पत्र्याला रंग लावत होता. एका गरिबाचं घर बसलं होतं, त्याचं काही नाही!

त्या उठल्या. सूप आत ठेवलं. सांडलेलं मीठ पुन्हा त्याच तुकड्यात भरून पदराच्या गाठीला बांधलं, डोक्यावर पदर घेतला आणि खळं ओलांडून बाज्याच्या घराकडे, भिल्लांच्या वस्तीकडे, भिलाटीच्या वाटेला लागल्या. पाटलांच्या घरातली बाई त्या वाटेने आजवर गेली नव्हती.

"कोठे चालनी?" मागून रतिलालभाऊ ओरडले. मग हसले. "आज तुले बोलता तरी येस का?"

वत्सलाबाई थांबल्या नाहीत. पाय धरायला बोलावं लागत नाही.