सहावा दाणा

योगिनीचं एमबीबीएसचं तिसरं वर्ष, आणि आज घोकलेलं उद्या डोक्यातून पार उडून जायचं. शेवटी तिनंच एक युक्ती काढली. सुट्टीत गावी, अनसिंगला आली की पुस्तक मिटायचं आणि अख्खा धडा आईला सोप्या भाषेत सांगायचा. आईला, प्रयागबाईला, अक्षरओळख नव्हती, पण मोजणीला ती पक्की. 'लक्षणं सहा' म्हटलं की ती तुरीचे सहा दाणे पुढ्यात मांडायची, आणि लेकीनं एकेक सांगितलं की एकेक दाणा वाटीत टाकायची. दाणा उरला तर लेकीची सुटका नसे.

त्या दुपारी धडा नवा होता, एका कॅन्सरचा.

"मानेत गाठ येते, पण दुखत नाही," योगिनीनं सुरुवात केली. आईनं गळ्याभोवतीचा पदर सारखा केला आणि दाणा टाकला. मग वजन उतरणं, अधूनमधून ताप, थकवा, अंगाला खाज. पाच दाणे वाटीत गेले आणि गाडी अडली.

"एक राह्यला," आई म्हणाली.

"आठवून राह्यली ना मी."

शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, "रात्री घामानं लुगडं ओलंचिंब व्हते, ते असन काय?"

योगिनीनं पुस्तक उघडून पाहिलं आणि हसली. "बराबर हाय. पण हा धडा तं आजच काढला मी. तुले कसं मालूम?"

प्रयागबाईनं सहावा दाणा वाटीत टाकला.



"बाकीचे पाच बी हायेत मले."