आपट्यावरची पाटी

गेल्या दसऱ्याला भक्तमंडळींनी राममंदिरामागचा आपटा इतक्या श्रद्धेने लुटला, की खोड तेवढं देवाला ठेवलं. म्हणून यंदा, सात वर्षं त्याला पाणी घालणाऱ्या सगुणाताईंनी त्यावर पाटी टांगली: ‘कांचन’.

“मग आपटा कुठाय?” कीर्तनातून उठलेल्यांनी विचारलं.

“देवस्थानच्या अध्यक्षांच्या अंगणात,” असं म्हणून सगुणाताईंनी मनोमन रामरायाची क्षमा मागितली.

तिथे होता खरा कांचन. आपट्याचं पान चिमुकलं, याचं तसंच, पण पंज्याएवढं! “केवढालं हे सोनं!” म्हणत मंडळींनी तो फांद्यांसकट ओरबाडला.

संध्याकाळी अध्यक्ष कळवळत आले. “अहो ताई, माझं झाड बोडकं केलं!”

“झाडाचं काय, फुटेल पुन्हा. श्रद्धा महत्त्वाची,” सगुणाताई म्हणाल्या. “गेल्या वर्षी तुम्हीच नाही का माझी समजूत घातलीत?”

मग सगुणाताई कळशी भरून घेऊन अध्यक्षांच्याच अंगणाकडे निघाल्या.